सस्कॅचवानच्या आमदाराचे वडील

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी साडेसातला चारुताचा फोन आला. तिकडे तेव्हा मंगळवारची संध्याकाळ. निवडणूक जाहीर झाली, मतदान अठ्ठावीसला. फोन नेहमीप्रमाणे माझ्या बायकोच्या, सिंधूच्या मोबाइलवर, पण सिंधूने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "बाबा, आशीर्वाद द्या," चारुता म्हणाली. मी म्हणालो, "विजयी भव." चाळीस वर्षं कोर्टात उभं राहून बोललो, पण हे दोन शब्द मी दोनदा म्हणालो.

वकिली सोडून नऊ वर्षं झाली. बार असोसिएशनची डायरी अजून दरवर्षी घरी येते आणि कोरी पडून राहते. आज ठरवलं, हा महिना लिहायचा. अमरावतीची मुलगी कॅनडातल्या एका प्रांताच्या विधानसभेवर दुसऱ्यांदा निवडून जाणार. कुणीतरी हे नोंदवून ठेवायला हवं.

चारुता आमची एकुलती एक. इथल्याच कॉलेजातून बी.फार्म. झाली, पंधरा वर्षांपूर्वी कॅनडात गेली. पहिली दोन वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम केलं. मग तिथली परीक्षा देऊन एका गावात औषधांचं दुकान सांभाळलं. उणे तीस अंशांत स्वतः गाडी चालवत शेतावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना इन्सुलिन पोचवायची. त्या गावातलं छोटं हॉस्पिटल सरकारने बंद करायला काढलं तेव्हा बर्फात उभी राहून सह्या गोळा केल्या, हॉस्पिटल वाचवलं. चार वर्षांपूर्वी त्याच लोकांनी तिला आमदार केलं. प्रांताचं नाव सस्कॅचवान. उच्चार जमायला मला महिना लागला.

मधली अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तिने अकोल्याच्या धम्मदीप सिरसाटशी लग्न केलं. तिच्याच वर्गातला. मला मान्य नव्हतं. कुठल्या बापाला असतं? पण ती आमदार झाली त्या आठवड्यात मीच मोठ्या मनाने फोन केला. राग किती दिवस धरायचा?

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. अंबादेवीच्या रस्त्याला मुंगी शिरायला जागा नाही.

दुपारी वरूडचे उत्तमराव आले. संत्र्याचा बगीचा आणि पॅकिंगचा कारखाना आहे त्यांचा. त्यांच्या धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस मी सतरा वर्षं चालवली. यंदा त्यांना विधानसभेचं तिकीट हवं आहे, त्यामुळे घरोघर फिरणं चालू आहे.

"वकीलसाहेब, नवरात्रात नऊ बायांचा सत्कार ठेवून राहिलो. नवदुर्गा. त्यात पयलं नाव चारुताबाईंचं. त्याईले येनं जमत नाही, तं तुमी या. बापानं सत्कार घेतला तं लोकाईले बी बरं वाटते."

मी हो म्हणालो. ते गेल्यावर सिंधू म्हणाली, "चारुताला विचारून घ्या एकदा."

"सत्काराला काय विचारायचं? कुणी शिव्या देतंय का?"

"तिची निवडणूक आहे ना आता. काही बोलणं इकडचं तिकडे व्हायला नको."

सिंधूला सभेची भीती पहिल्यापासूनच.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

चारुताचं प्रचारपत्रक व्हॉट्सॲपवर आलं. मधोमध तिचा फोटो, खाली छोटा जुना फोटो: ती बारावीत आणि मी काळ्या कोटात, जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्यांवर. इंग्रजीत लिहिलंय, "माझे वडील भारतातल्या एका छोट्या शहरात वकील. त्यांनी शिकवलं की दारात आलेल्या माणसाची जात विचारायची नसते. माझ्या आंतरजातीय लग्नाला पहिला आशीर्वाद त्यांचाच होता."

शेवटचं वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. विधानसभेतल्या पहिल्या भाषणातही ती हेच बोलली होती, मी तेव्हाच ऐकलं होतं. बोललो नाही. प्रचारात असं लिहावं लागत असेल. कोर्टातही पक्षकाराची बाजू थोडी सावरून मांडतोच आपण.

मला खुपलं ते आडनाव. मोठ्या अक्षरांत सिरसाट. फोटो माझा, शिकवण माझी आणि आडनाव त्याचं.

६ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस तपशिलाने लिहितो.

सभागृह भरलं होतं. स्टेजवर मोठा फलक: "सस्कॅचवान (कॅनडा) प्रांताच्या आमदार चारुता पांढरीपांडे. सत्कार स्वीकारणार: आमदारांचे वडील ॲड. कमलाकांत पांढरीपांडे." आडनाव मी उत्तमरावांच्या माणसाला आधीच लिहून दिलं होतं. शाल, श्रीफळ, देवीची मूर्ती. जुने पक्षकार येऊन पाया पडले. सिंधू आली नाही, गुडघे दुखतात म्हणाली.

वीस मिनिटं बोललो. आजोबांची वेदपाठशाळा, वडिलांची शिक्षकी, माझी वकिली आणि चारुताची आमदारकी, अशी चार पिढ्यांची मांडणी केली. टाळ्या मिळाल्या.

खाली उतरल्यावर कुंदन म्हणून एक चाळिशीचा गृहस्थ माइक घेऊन आला. त्याचं यूट्यूबवर बातम्यांचं चॅनेल आहे. चांगला अभ्यासू वाटला. मी चारुताची कात्रणांची फाईल सोबत नेली होती, ती त्याने बसून नीट पाहिली, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. मग विचारलं, "सर, जावईबापूंबद्दल दोन शब्द सांगा ना."

मी म्हणालो, "हे बघा, जावई हा शब्द मी वापरत नाही. त्या माणसाचं पाऊल आमच्या उंबऱ्याच्या आत पडलेलं नाही आणि मी असेपर्यंत पडणार नाही. चारुताने जे मिळवलं ते आमच्या रक्तातलं आहे. रक्त शेवटी बोलतंच. त्या घरात गेली म्हणून ते थोडंच जातं?"

शब्द तोलूनमापून वापरले. जातीचा उल्लेख कुठेही केला नाही. कायदा मला कळतो.

७ ऑक्टोबर, सोमवार

उत्तमरावांचा फोन. "साहेब, ते जावयाचं बोलाले नव्हतं पाह्यजे. सकाळपासून माह्याकडं फोन येऊन राहिले. मले तं साऱ्याईची मतं लागतात."

राजकारण माणसाला भित्रं करतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

कुंदनच्या चॅनेलवर माझी मुलाखत चौदा हजार लोकांनी पाहिली. सिंधूला दाखवायला गेलो, तिने मोबाइल हातात घेतला नाही. म्हणाली, "पाहिली मी." आणि देवघरात जाऊन बसली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सातला फोन. सिंधूने उचलला, ऐकलं आणि माझ्याकडे दिला.

"बाबा, तुम्ही काय बोललात?"

मी म्हणालो, "सत्काराचं ना? तुला कळवणारच होतो."

"बाबा, इथे ते सगळ्यांनी पाहिलंय. खाली इंग्रजी अक्षरं घालून. विरोधी उमेदवाराने नाही केलं काही, त्याला गरजच पडली नाही. पत्रकार माझ्या ऑफिसच्या बाहेर उभे आहेत. विचारतात, तुमच्या वडिलांनी आशीर्वाद दिला होता ना?"

"अगं, मी माझ्या गावात, माझ्या भाषेत बोललो. तिथे मराठी कुणाला कळतं?"

तिने तिकडे दार लावून घेतलं. मग म्हणाली, "जुईलीला कळतं."

जुईली तिची मुलगी. अकरा वर्षांची. मी तिला फोनवरच पाहिली आहे.

"तिने शाळेत पाहिला तो व्हिडिओ. मैत्रिणींसोबत. घरी आली आणि विचारलं, बाबाचं पाऊल आत चालत नाही, मग माझं चालतं का? काय सांगू मी तिला?"

मी म्हणालो, "लहान मुलांच्या हातात मोबाइल देऊच नये."

तिने फोन ठेवला. सिंधू दारात उभी होती.

"काहून असं बोलता हो तुम्ही?" एवढंच म्हणाली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सोनं द्यायला कुणी आलं नाही. उत्तमराव दरवर्षी येतात.

१३ ऑक्टोबर, रविवार

एक जुनी गोष्ट वर आली आहे, ती लिहितो.

चारुताने अकोल्याला रजिस्टर लग्न केलं त्याच्या चौथ्या दिवशी मी इथल्या दैनिकात जाहीर नोटीस दिली होती. मसुदा माझाच. "तमाम जनतेस कळविण्यात येते की, माझी मुलगी कु. चारुता ही माझ्या आज्ञेबाहेर गेली असल्याने तिच्याशी माझा व माझ्या कुटुंबाचा कोणताही संबंध राहिलेला नाही." त्या वेळी तसं करणं भाग होतं. घराण्याचं नाव होतं, पाठशाळेचे विश्वस्त होते.

ती नोटीस आता तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आली आहे. भाषांतरासकट. शेजारी चारुताचं प्रचारपत्रक.

हे काम सिरसाटांचं. दुसरं कोण ठेवेल पंधरा वर्षांपूर्वीचं कात्रण? धम्मदीपचा बाप देवराव रेल्वेत होता, मूर्तिजापूर जंक्शनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. रिटायर होऊन अकोल्यात राहतो. त्यानेच दिलं असणार. सुनेचं नुकसान झालं तरी चालेल, पण माझी बेअब्रू व्हायला हवी.

सिंधूला हे बोलून दाखवलं. ती भाजी चिरत होती. विळी बाजूला सरकवून म्हणाली, "फाईल तुम्ही दिली त्या कुंदनले. पानापानाचा फोटो काढला त्यानं, तुम्हीच तर सांगितलं. ती नोटीस त्याच फाईलमध्ये आहे, तुम्हीच लावून ठेवली आहे. पहिल्या पानावर."

फाईल काढून पाहिली. आहे.

पण त्याने काही सिद्ध होत नाही. एकाच कात्रणाच्या दोन प्रती असू शकतात.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पूर्ण रात्र विचार केला. चारुता माझ्यामुळे अडचणीत आली असं सिंधू धरून बसली आहे. मग तिला सोडवायचं कामही माझंच.

सकाळी प्रतिज्ञापत्र तयार केलं. "मी, कमलाकांत पांढरीपांडे, वय ७४, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर व्हिडिओ बनावट असून त्यातील आवाज माझा नाही. सदर नोटीसही मी दिलेली नाही. मुलीच्या लग्नास माझा प्रथमपासून आशीर्वाद आहे." शपथेवर खोटं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. पक्षकारांना नेहमी सांगत आलो की हे करू नका.

कोर्टात जाऊन नोटरीचा शिक्का घेतला. नोटरी माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने कागद वाचला, वर पाहिलं आणि सही केली.

दुपारी चारुताच्या पक्षाच्या कार्यालयाला ईमेलने पाठवलं. इंग्रजी प्रतही जोडली. तिला सांगितलं नाही. आधी विचारलं असतं तर नको म्हणाली असती. सिंधूलाही सांगितलं नाही.

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

चारुताचं निवेदन तिकडच्या सगळ्या बातम्यांत आहे. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि शब्दाला शब्द उतरवून काढलं. इथे लिहून ठेवतो.

"माझ्या लग्नाला वडिलांनी आशीर्वाद दिला असं मी सांगत आले. ते खरं नव्हतं. मी या देशात आले तेव्हा लोक घरच्यांबद्दल विचारायचे. मला जसे वडील हवे होते तसे मी सांगत गेले. पुढे तेच भाषणात आलं आणि मग कागदावर. माझा नवरा शेजारी बसून ते ऐकायचा आणि एकदाही काही बोलला नाही. मी मतदारांची माफी मागते आणि त्याची मागते. वडिलांनी पाठवलेलं प्रतिज्ञापत्र खोटं आहे. व्हिडिओ खरा आहे. पक्षाने मला ते वापरायला सांगितलं होतं. मी वापरणार नाही."

वकील म्हणून माझं मत: तिने एवढं कबूल करायला नको होतं. कागद हातात होता. तिच्या बाजूचा एकमेव कागद, आणि तो तिने स्वतः फाडला.

"मला जसे वडील हवे होते." या वाक्यावर तीन वेळा आलो. शब्दकोशात दुसरा अर्थ मिळतो का ते पाहिलं. मिळत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सिंधूला प्रतिज्ञापत्राचं कळलं. चारुतानेच सांगितलं असणार. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. आता फोन आला की ती मोबाइल घेऊन गच्चीवर जाते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

उत्तमरावांना तिकीट मिळालं नाही. फोन केला, उचलला नाही. राजकमल चौकात समोरासमोर गाठ पडली तर म्हणाले, "जाऊ द्या साहेब, आता काय बोलता," आणि गाडीत बसले.

चालत घरी आलो. वाटेत चारुताच्या शाळेवरून आलो. फाटकावर नवा रंग दिला आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

धनत्रयोदशी. सकाळी साडेसातला तिकडचं मतदान संपलं. मी मोबाइलवर निकालाचं पान लावून बसलो, सिंधू शेजारी. पहिल्या तासाला चारुता पुढे होती. सिंधूने माझं मनगट धरलं होतं, तिच्या लक्षातही नव्हतं. मग मागे पडली, पुन्हा पुढे. अकराच्या सुमाराला थांबलं.

एकशे त्र्याऐंशी मतांनी पडली.

सिंधूने हात काढून घेतला.

मी फोन लावला. लागला, पण उचलला नाही. पुन्हा लावला. दुपारी सिंधूच्या मोबाइलवर तिचा मेसेज आला: "आई, मी ठीक आहे. सोमवारपासून दुकानावर जाईन. त्या म्हाताऱ्यांना कळलंय, केक आणणार म्हणतात. बाबांना म्हणावं फोन करू नका."

सिंधूने तो मला वाचून दाखवला. सगळा.

संध्याकाळी बाहेर पणत्या लागल्या. आमच्या दारात लावल्या नाहीत.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सिंधू बॅग भरत होती. मी विचारलं, कुठे?

"अकोल्याला. देवराव सिरसाटांकडे."

"दिवाळीत?"

"हो."

"त्यांच्याकडे दिवाळी नसते."

"माझ्याकडे पण नाही यंदा." तिने बॅगेची चेन लावली. मग खाटेवर बसून शांतपणे म्हणाली, "मी पंधरा वर्षं त्या घरी जाऊन येते. तुम्हाला वाटायचं माहेरी मूर्तिजापूरला जाते. तिथूनच पुढे जायची. चारुता बाळंतीण झाली तेव्हा तिच्या सासूनं डिंकाचे लाडू केले कॅनडात पाठवायले, मी बाजूला बसून वळले. तेव्हा माझं तोंड नव्हतं तुमच्यापुढे बोलायचं. तुमच्याइतकीच माझी पण चूक आहे ती."

मी म्हणालो, "तू मला फसवलंस."

"हो," ती म्हणाली, "फसवलं."

रिक्षा आली, ती गेली. गुडघे दुखत होते तरी बॅग स्वतः उचलली.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. पूजा केली नाही. वरणभात केला, करपला.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. सकाळच्या एसटीने अकोल्याला गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. वाटेत वाक्य तयार केलं: "माझ्या बोलण्याने तुम्हा सगळ्यांचा अपमान झाला, मी माफी मागायला आलो आहे." सोपं वाक्य आहे. चारदा मनात म्हटलं.

मोठी उमरीत घर शोधायला वेळ लागला नाही. कॅनडावाले सिरसाट म्हटल्यावर पानटपरीवाल्याने दारापर्यंत आणून सोडलं. दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्यावर सिंधू आणि धम्मदीपची आई पार्बताबाई समोरासमोर बसून मेथी निवडत होत्या. सिंधूने मला पाहिलं, उठली नाही.

पार्बताबाई म्हणाल्या, "सापडला का रस्ता?" आणि पदर सावरून आत गेल्या.

देवराव बाहेर आले. उंच माणूस, पाठ अजून ताठ. "या वकीलसाहेब, आत या." खुर्ची पुसून दिली. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बाजूला चारुता विधानसभेत शपथ घेतानाचा. तो फोटो आमच्याकडे नाही.

मी बोलायला सुरुवात केली. पण वाक्य वेगळंच निघालं. म्हणालो, "ती नोटीस तुमच्याकडून गेली असा माझा समज झाला होता. तो चुकीचा निघाला. ते सांगायला आलो."

देवराव समोर बसले आणि म्हणाले, "आमच्याकडं आले होते पत्रकार. सहा जन. एक तं नागपूरहून आला. म्या म्हनलं, माह्या सुनेचे वडील हायत ते, मी काई बोलत नाही. चाय पाजून पाठवलं."

"म्हणजे तुमच्याकडे ती नोटीस नव्हती."

"हाये ना," आतून पार्बताबाई बोलल्या. दारात येऊन उभ्या राहिल्या. "पेटीत हाये. पंधरा साल झाले. म्याच ठेवली."

"कशासाठी?"

"पोरगी आमच्या घरात आली तं काय काय सोडून आली, ते मले इसरू नये म्हनून. कदी सासूपना कराले लागली मी, तं पेटी उघडून पायते."

 सिंधू उंबऱ्यात मेथीच्या काड्या हातात धरून उभी होती.

पार्बताबाईंनी चहा आणला. कपबशी माझ्यासमोर स्टुलावर ठेवली. देवरावांनी आपली घेतली. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. चारुताचा व्हिडिओ कॉल, रोज याच वेळी येतो म्हणे. देवरावांनी तिला काही सांगितलं नाही, नुसता मोबाइल माझ्याकडे वळवला.

चारुताचा चेहरा उतरला होता. केस कापलेत तिने. मला पाहून ती हलली नाही. मागून धम्मदीप जात होता, तो थांबला, वाकला आणि म्हणाला, "नमस्कार." मी मान हलवली. त्याला दिसली की नाही कोण जाणे. माफी मागायची जागा हीच होती, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

चारुता स्टुलाकडे पाहत होती.

"बाबा, चहा घेतला?"

"हो," मी म्हणालो.

कप भरलेला होता. वर साय धरली होती. तिला तो दिसत होता, सगळ्यांनाच दिसत होता. ती म्हणाली, "बरं," आणि म्हणाली, "आईला द्या." सिंधू पुढे झाली, तर चारुता म्हणाली, "दोघींनाही."

 पार्बताबाईंनी कप उचलला आणि आत नेला. मोरीत ओतल्याचा आवाज आला.

कप धरायला मी हात पुढे केला होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. तो का थांबला, ते सांगता येत नाही. संध्याकाळच्या गाडीने एकटा परत आलो.

६ नोव्हेंबर, बुधवार

सिंधूचा फोन. "आम्ही तिघं मार्चमध्ये चारुताकडे जातोय. बर्फ कमी झाल्यावर. देवराव, पार्बताबाई आणि मी. व्हिसाचं धम्मदीप पाहून राहिला. माझा पासपोर्ट लोखंडी कपाटात आहे, पाठवून द्या."

"किती दिवसांसाठी?"

"सहा महिने तरी राहू. जुईलीला सुट्ट्या आहेत मधात."

मी विचारलं, "आणि मी?"

 पलीकडे कुणीतरी नळ बंद केल्याचं ऐकू आलं.

"तुम्ही चारुताला विचारा," ती म्हणाली. "ती नाही म्हणाली तर मला सांगू नका."

विचारलं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पासपोर्ट पाकिटात घातला, वरून चिकटपट्टी लावली, स्टँडवर गेलो. अकोल्याच्या गाडीवर श्रावण ड्रायव्हर असतो, त्याच्या आईच्या पेन्शनचे कागद मी केले होते. पाकीट त्याच्या हातात दिलं.

"अकोल्याले कोनाले द्याचं, साहेब?"

"देवराव सिरसाट. स्टँडवर घ्यायला येतील. उंच आहेत, रेल्वेत होते."

त्याने पाकिटावर नाव लिहायला पेन काढला. "कोन लागतेत तुमचे?"

गाडीत माणसं चढत होती. एक बाई झेंडूची टोपली वर द्यायला सांगत होती. श्रावण पेन धरून वाट पाहत होता.

"व्याही," मी म्हणालो.

त्याने ते लिहिलं नाही, नुसतं ऐकलं. "मंग तुमीच चला ना," तो म्हणाला, "घरचीच तं गोष्ट हाये. खिडकीची जागा हाये पुढं."

मी म्हणालो, आज नको.

गाडी मागे सरकली, वळली आणि बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली. पुढच्या खिडकीत मग ती झेंडूवाली बाई बसली होती.